दाहनुकेवरील नावा आणि चालता विहार

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातील दहाव्या लेण्यात उषवदाताचा एक दीर्घ शिलालेख आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने विनामूल्य नावांची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विश्रामस्थाने व पाणपोया उभारल्या, अशी नोंद त्यात आढळते. दमण म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. तलासरी तालुक्यातील उधवा याच मुलखात येते. उधव्याहून जव्हार-त्र्यंबकमार्गे ही लेणी पाहावयास जाणाऱ्यास आपल्याच नद्यांची नावे तेथील पाषाणात वाचावयास मिळतात.

उषवदात हा दीनिकाचा पुत्र व क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. नाशिकच्याच दुसऱ्या लेखात त्यास 'शक' म्हटले आहे. शकांचे मूळ मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात, घोडे व मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांत होते. उषवदाताने ब्राह्मणांनाही विपुल दाने दिली. त्याला केवळ बौद्ध उपासक म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. तथापि हे लेणे त्याने चातुर्दिश संघास अर्पण केले व 3000 कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. त्यातील 2000 विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले होते. वर्षाचे व्याज 240 होते. वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे, हा हिशेब त्याच्याशी तंतोतंत जुळतो.

फिरस्त्या कुळातील पुरुषाने स्थिर विहारास दान द्यावे, यात विसंगती आहे काय? विनयपिटक निराळे सांगते. भिक्षू मुळात चारिका करणारा. पावसाळ्याचे तीन महिने तेवढे त्याने एके ठिकाणी राहावयाचे. परंतु महावग्गातील वस्सूपनायिकक्खंधकात त्यालाही मुभा आहे. गुराख्यांच्या तळावर, व्यापारी तांड्यात वा नावेत वर्षावास करता येतो. आणि तळ हलला तर भिक्षूने तळाबरोबर जावे, असे भगवंतांनी सांगितले आहे. नियम माणसांच्या मागे जातो. माणसांनी नियमासाठी थांबावे, असा आग्रह तेथे नाही.

या अनुज्ञेशी मिळतेजुळते भव्य उदाहरण मंगोलियात दिसते. 1578 मध्ये अल्तान खान व सोनम ग्यात्सो यांची भेट झाली आणि मंगोल पशुपालकांत बौद्ध धर्म वेगाने पसरला. 1585 मध्ये काराकोरमच्या परिसरात एर्देनी झू हा स्थिर विहार उभा राहू लागला. मात्र 1639 मध्ये बालवयातील झानाबझार याच्यासाठी स्थापन झालेला विहार नमद्याच्या तंबूंचा होता. कुरणांच्या व राजकारणाच्या गरजेनुसार तो अनेकदा हलला आणि 1778 मध्ये ज्या जागी स्थिरावला, तेथेच आजचे उलानबातर आहे. देशाची राजधानी अशी एका चालत्या विहारातून घडली.

'भटका' म्हणजे असंस्कृत, ही समजूत या दोन्ही इतिहासांपुढे टिकत नाही. उधवा परिसरातील अनेक आदिवासी कुटुंबे आजही पावसाळा सरताच वीटभट्ट्यांच्या व बांधकामांच्या कामावर स्थलांतर करतात. मुलांची शाळा मात्र गावातच राहते. तळ हलला तर तळाबरोबर जावे, हा विनयातील विचार केवळ भिक्षूंपुरता मर्यादित नाही. शिक्षण देऊ पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो मनावर घ्यावा.