वनाच्छादित प्रागैतिहासिक वसाहतींचे सर्वेक्षण

प्राचीन तट, खंदक, बांध, घरठाण इत्यादी मानवनिर्मित रचनांच्या, जमिनीच्या उंचसखलपणातून ओळखू येणाऱ्या खुणांना भू-अवशेष म्हणतात. उत्खनन न करता अशा अवशेषांची मोजणी करणे, नकाशा काढणे व त्यांचा परस्परांतील कालक्रम ठरविणे, हे या सर्वेक्षणाचे कार्य होय. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात, फॉरेस्ट ऑफ डीन या वनप्रदेशात असलेली वेल्शबरी टेकडी हे त्याचे अभ्यसनीय उदाहरण आहे.

अवशेषांचे स्वरूप

डोंगरउतारावर घर बांधताना वरच्या अंगाची माती कापून ती खालच्या अंगास भरीत. त्यामुळे तयार झालेली सपाट जागा म्हणजे घरठाण. ब्रिटनमधील लोहयुगीन घरे बहुधा वर्तुळाकार असल्याने ही घरठाणेही गोलसर आढळतात. उतारावरील शेत वर्षानुवर्षे नांगरल्यास माती घसरून खालच्या कडेस साचते व तेथे बांध तयार होतो. उघड्या शेतजमिनीत पुढील काळातील नांगरटीने अशा खुणा सपाट होतात. जंगलात मात्र त्या टिकून राहतात. तथापि तोच वृक्षसंभार त्यांना झाकून टाकतो आणि हवाई छायाचित्रांत केवळ झाडांचे शेंडे दिसतात.

पद्धत

पानगळीनंतर, नेचे व झुडपे खाली बसल्यावर, म्हणजे हिवाळ्यात हे काम करणे सोयीचे ठरते. सर्वेक्षक प्रथम सर्व परिसर पायी फिरून पाहतात. दाट झाडीत उपग्रहांचे संदेश नीट मिळत नसल्याने मोकळ्या जागी संदर्भबिंदू निश्चित करतात व तेथून टोटल स्टेशन या यंत्राने कोन व अंतरे मोजत जंगलात शिरतात. नकाशा बहुधा १ : १००० या प्रमाणावर काढतात.

समोच्च रेषा ठराविक अंतराने काढल्या जात असल्याने बुटका बांध दोन रेषांच्या मध्ये हरवू शकतो. म्हणून उतार निमुळत्या रेघांनी दाखवितात. रेघेचे जाड टोक उताराच्या माथ्याकडे व निमुळते टोक पायथ्याकडे असते. एक खूण दुसरीला कोठे छेदते, हे अशा नकाशावरून समजते. छेदणारी खूण नंतरची असते.

लायडार

विमानातून सोडलेल्या लेसर स्पंदांपैकी काही पानांमधील फटींतून जमिनीपर्यंत पोहोचून परततात. झाडांवरून परतलेली स्पंदने संगणकाने वगळली असता उघड्या भूपृष्ठाचे चित्र मिळते. दाट सूचिपर्णी लागवडीखाली मात्र ही पद्धत तितकीशी परिणामकारक ठरत नाही.

वेल्शबरी

या टेकडीवर तटबंदीने वेढलेला लोहयुगीन डोंगरी किल्ला आहे. प्रत्यक्ष मोजणीत तेथे किल्ल्यापूर्वीच्या शेतांचे बांधही आढळले. यावरून किल्ला होण्याआधी टेकडीवर शेती होत होती, हे स्पष्ट झाले. पुढे येथेच लायडारची चाचणी घेण्यात आली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वृक्षाच्छादनाखालील तट व शेतबांध त्या चित्रांत उमटले होते.

अर्थनिर्णयातील अडचण

फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये लोखंड गाळण्यासाठी दीर्घकाळ कोळसा पाडला जात असे. त्याच्या भट्ट्यांसाठी उतारावर खोदलेल्या सपाट जागा आकाराने घरठाणांसारख्याच असतात. लायडारच्या चित्रात त्यांतील फरक सहसा कळत नाही. प्रत्यक्ष जागेवर मात्र उन्मळलेल्या झाडांच्या मुळांशी किंवा प्राण्यांनी उकरलेल्या मातीत काळी माती व कोळशाचे तुकडे दिसतात. भट्टीची जागा प्राचीन बांधाला छेदत असल्यास ती नंतरची असल्याचे सिद्ध होते. ही शहानिशा न केल्यास काही शतकांपूर्वीच्या भट्ट्यांची गणना प्रागैतिहासिक घरांत होऊन वसाहतीच्या लोकसंख्येचा अंदाजच चुकतो. काही वेळा जुन्या घरठाणावरच भट्टी लावलेली असू शकते. अशा ठिकाणी उत्खननाखेरीज निर्णय करता येत नाही.

संरक्षण

वृक्षतोडीची अवजड यंत्रे, ओंडके ओढण्याच्या वाटा, नवी लागवड आणि वादळात उन्मळणारी झाडे यांमुळे भू-अवशेषांची हानी होते. इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या स्थळांना १९७९ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने संरक्षण मिळते; परंतु वनातील बुटके बांध कामगारांच्या सहज लक्षात येत नाहीत. यंत्रांच्या वाटा कोठून न्याव्यात व कोठे झाडे लावू नयेत, हे वनव्यवस्थापनास अचूक नकाशाच्याच आधारे ठरविता येते.