मॅरियट, मूर

मॅरियट, मूर : (१४ सप्टेंबर १८८५ – ११ डिसेंबर १९४९). ब्रिटिश चरित्र अभिनेते. पूर्ण नाव जॉर्ज टॉमस मूर मॅरियट. जन्म इंग्लंडमधील वेस्ट ड्रेटन (मिडलसेक्स) येथे. वय झालेले नसतानाच पडद्यावरचा म्हातारा म्हणून त्यांनी नाव कमावले. ‘डिक टर्पिन’ (१९०८) हा त्यांचा पहिला चित्रपट मानला जातो.

मूकपटांच्या काळात डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या कथांवरील चित्रपटांनी त्यांना स्थान मिळवून दिले. दिग्दर्शक मॅनिंग हेन्स यांच्या ‘द स्किपर्स वूइंग’ (१९२२) व ‘द मंकीज पॉ’ (१९२३) या चित्रपटांत त्यांनी कामे केली. ‘स्वीनी टॉड’ (१९२८) मध्ये शीर्षकभूमिकेतील खुनी न्हावी त्यांनी रंगविला. विनोदी नट म्हणून प्रसिद्धी मिळण्यापूर्वीच त्यांची अशी गंभीर कारकीर्द झालेली होती.

बोलपटांत गेन्सबरो पिक्चर्सच्या ‘विंडबॅग द सेलर’ (१९३६) पासून विल हे, मूर मॅरियट आणि ग्रॅहम मॉफट हे त्रिकूट जमले. विल हे यांचा अर्धवट ज्ञानाचा तोरा मिरवणारा साहेब, मॉफट यांचा गलेलठ्ठ, आगाऊ पोरगा आणि मॅरियट यांचा हार्बॉटल हा जख्ख म्हातारा, अशी ही वाटणी होती. प्रत्यक्षात मॅरियट विल हे यांच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठे होते. बोळके तोंड, विस्कटलेले विरळ केस व चिरका आवाज यांच्या बळावर ते ऐन पन्नाशीत ऐंशीचे दिसत.

मार्सेल वार्नेल दिग्दर्शित ‘ओ, मिस्टर पोर्टर!’ (१९३७) हा या त्रिकुटाचा सर्वांत गाजलेला चित्रपट. कथा उत्तर आयर्लंडमधील आडबाजूच्या काल्पनिक स्टेशनावर घडते. चित्रीकरण मात्र हँपशरमधील बंद पडलेल्या मार्गावरील क्लिडेस्डन स्टेशनावर झाले. नवा स्टेशनमास्तर दाराशी येताच हार्बॉटल तिकीटखिडकी उघडून पुढची गाडी गेल्याचे सांगतो आणि खिडकी लावून घेतो. पुढची गाडी आधीच कशी गेली, हा प्रश्नसुद्धा त्याला पडत नाही. बेताल बोलणे ठाम खात्रीने ऐकविण्यातच मॅरियट यांच्या विनोदाची गंमत होती. ‘आस्क अ पोलिसमन’ (१९३९) मध्ये हार्बॉटल आणि त्याचा बाप अशा दोन्ही भूमिका त्यांनीच केल्या.

‘व्हेअर्स दॅट फायर?’ (१९४०) नंतर विल हे त्रिकुटातून वेगळे झाले. मॅरियट व मॉफट यांची जोडी मात्र आर्थर अ‍ॅस्की यांच्या चित्रपटांतून चालू राहिली. ‘मिलियन्स लाइक अस’ (१९४३) मध्ये मॅरियट यांनी युद्धकाळातील कुटुंबातला बाप साकारला, तर ‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावणारा पोस्टमन. बॉग्नर रीजिस (ससेक्स) येथे त्यांचे निधन झाले.

पुढे ‘डॅड्स आर्मी’ (१९६८–७७) ही लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिका बेतताना तिचे जनक जिमी पेरी यांनी तोरेबाज म्होरक्या, म्हातारा व पोरसवदा तरुण ही मांडणी याच त्रिकुटावरून उचलली.