अंधेरी पूर्व : सोमवार दुपारी तीनपर्यंत

अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक संपली ती १७ ऑक्टोबर २०२२ रोजी, सोमवारी, दुपारी तीनला. मतदान त्यानंतर सतरा दिवसांनी झालं. मरोळ नाका, चकाला, महाकालीच्या मतदाराला बटण दाबायला बोलावलं तेव्हा कौल देण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. कोण लढणार, कोणत्या चिन्हावर लढणार आणि कोण माघार घेणार, हे सगळं दिल्लीत, हायकोर्टात, पालिका मुख्यालयात, दादरला राज ठाकरेंच्या ‘शिवतीर्था’वर आणि शेवटी नागपुरात ठरलं. मरोळमध्ये काहीच ठरलं नाही.

अमेरिकेत गव्हर्नरपदाचा उमेदवार पक्षाने परस्पर ठरवायचा नाही, हे विस्कॉन्सिन राज्याने १९०४ मध्ये लोकमत घेऊन पक्कं केलं. तिथे एकाच पक्षाचे चार-पाच इच्छुक आधी आपसांत लढतात आणि मतदार त्यातला एक निवडतो. प्राथमिक फेरी म्हणतात ती हीच. त्यातही पैसा चालतो, चिखलफेक होते, पण भांडण चव्हाट्यावर होतं. आपल्याकडे ती फेरी बंद दाराआड होते आणि तिचा निकाल दोन कागदांवर येतो : ए फॉर्म आणि बी फॉर्म. पक्षाच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला, हे ‘ए’ सांगतो. उमेदवार कोण, हे ‘बी’ सांगतो. सही शाईची लागते, झेरॉक्स चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत दोन्ही कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचले पाहिजेत. ‘बी’ फॉर्मवर आणखी एका नावाची जागा असते, पर्यायी उमेदवाराची. मुख्य नावाचा अर्ज छाननीत बाद झाला तर हा उभा राहतो. राजकारणातला सगळा अविश्वास त्या एका रकान्यात मावतो.

आधीचे पाच महिने

११ मे २०२२ रोजी शिवसेनेचे आमदार रमेश लटके दुबईत हृदयविकाराच्या झटक्याने गेले. साधा शाखेचा माणूस, पुढे नगरसेवक, २०१४ आणि २०१९ असे दोनदा आमदार. जूनमध्ये एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, २९ जूनला उद्धव ठाकरेंनी मुख्यमंत्रिपद सोडलं, दुसऱ्या दिवशी भाजपच्या साथीने शिंदेंचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला. अंधेरी पूर्वची रिकामी खुर्ची ही फुटीनंतरची पहिली परीक्षा ठरणार, हे तेव्हाच स्पष्ट होतं.

ठाकरेंकडून नाव ठरलं ते रमेश लटकेंच्या पत्नी ऋतुजा यांचं. त्या मुंबई महापालिकेच्या के-पूर्व विभागात नोकरीला होत्या. समोर भाजपचे मुरजी पटेल. हे नाव या भागात जुनं. २०१७ ला भाजपकडून नगरसेवक झाले, जातप्रमाणपत्राच्या वादात ते पद गेलं. २०१९ ला युतीत ही जागा शिवसेनेला सुटली, तेव्हा पटेल अपक्ष उभे राहिले आणि ४५,८०८ मतं घेऊन दुसरे आले. लटके १६,९६५ मतांनी निवडून आले. थोडक्यात, बंडखोर म्हणून दाखवलेल्या ताकदीवर आता पक्षाचं तिकीट मिळत होतं. प्राथमिक फेरी नसलेल्या देशात ती अशीच पार पडते : आधी बंड करायचं, मतं दाखवायची, मग पुढच्या वेळी रांगेत पुढे यायचं.

सोमवार, ३ ऑक्टोबर

निवडणूक आयोगाने कार्यक्रम जाहीर केला. अर्जाची मुदत १४ ऑक्टोबर, छाननी १५, माघार १७, मतदान ३ नोव्हेंबर, मोजणी ६ नोव्हेंबर. त्याच दिवशी ऋतुजा लटके यांनी पालिकेकडे दुसऱ्यांदा राजीनामा दिला. पहिला २ सप्टेंबरला दिला होता, पण तो सशर्त असल्याने पालिकेने मान्य केला नाही. नोटिशीच्या मुदतीऐवजी एका महिन्याचा पगारही त्यांनी भरला. पालिकेची नोकरी आणि विधानसभेची उमेदवारी एकत्र चालत नाही. राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हाती नसेल तर अर्ज भरून उपयोग नाही.

एरवी पालिकेतल्या कर्मचाऱ्याचा राजीनामा ही आयुक्तांच्या टेबलापर्यंत जायची बाब नव्हे. आस्थापना विभागातला एखादा लिपिक फाइल पुढे सरकवतो आणि काम होतं. ही फाइल हलेना.

शनिवार, ८ ऑक्टोबर, रात्र

शिवाजी पार्क आणि बीकेसी असे दोन दसरा मेळावे होऊन तीन दिवस झाले होते. आयोगाने ‘शिवसेना’ हे नाव आणि धनुष्यबाण, दोन्ही गोठवलं. दोन्ही गटांना या पोटनिवडणुकीपुरती नवी नावं आणि नवी चिन्हं मागायला सांगितली. सोमवारी ठाकरेंना मशाल आणि ‘शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)’ हे नाव मिळालं, शिंदेंना ‘बाळासाहेबांची शिवसेना’ आणि मंगळवारी ढाल-तलवार. गंमत अशी की ज्या जागेसाठी ही धावपळ चालली होती, ती शिंदे गट लढवतच नव्हता. म्हणजे चिन्ह गोठण्याचा प्रत्यक्ष फटका एकाच बाजूला. मशाल आपली असल्याचा दावा समता पक्षानेही केला. दिल्ली हायकोर्टाने १९ ऑक्टोबरला ती याचिका फेटाळली.

बुधवार, १२ ऑक्टोबर

अर्जाला दोन दिवस उरले आणि राजीनामा अजून अधांतरी. ऋतुजा लटके हायकोर्टात गेल्या. शिंदे गटाकडून लढावं म्हणून त्यांच्यावर दबाव असल्याचा आरोप ठाकरे गटाचे अनिल परब यांनी केला, समोरच्यांनी तो नाकारला. आणि याच तारखेची एक तक्रार पालिकेकडे आली : ऋतुजा लटके यांच्याविरुद्ध, लाचखोरीची. महिनाभर राजीनामा पडून होता तेव्हा जी तक्रार नव्हती, ती अर्जाच्या दोन दिवस आधी उगवली.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

न्यायमूर्ती नितीन जामदार आणि न्यायमूर्ती शर्मिला देशमुख यांच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली. पालिकेचं म्हणणं : तक्रारीची चौकशी प्रलंबित आहे, आणि राजीनाम्यावर निर्णय घ्यायला आयुक्तांकडे महिन्याची मुदत आहे. कोर्टाचा रोख साधा होता. एका कर्मचाऱ्याला नोकरी सोडून निवडणूक लढवायची आहे, यात अडचण काय? अधिकार आहे म्हणून तो कसाही वापरता येत नाही.

आदेश निघाला : उद्या, शुक्रवारी, सकाळी अकराच्या आत राजीनामा स्वीकारल्याचं पत्र द्या.

अकरा ही वेळ नीट पाहा. उमेदवारी अर्ज स्वीकारण्याची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन. म्हणजे पत्र मिळण्याची शेवटची घटका आणि खिडकी उघडण्याची पहिली घटका एकच. मध्ये चार तास. त्या चार तासांत प्रतिज्ञापत्र, सूचकाच्या सह्या, अनामत रकमेचे १० हजार रुपये, ए आणि बी फॉर्म हे सगळं एका टेबलावर जमायला हवं. एक कागद मागे राहिला असता तर ठाकरेंच्या नव्या पक्षाची पहिलीच निवडणूक पर्यायी नावाच्या रकान्यावर आली असती.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

सकाळी पालिकेने पत्र दिलं. ऋतुजा लटके यांनी महाविकास आघाडीच्या नेत्यांसह जाऊन अर्ज भरला. काँग्रेस आणि राष्ट्रवादीचा पाठिंबा होता. ज्या शिवसेनेशी अंधेरीत काँग्रेस तीन दशकं भांडली, तिच्याच अर्जामागे काँग्रेसचे कार्यकर्ते चालले. त्याच दिवशी मुरजी पटेलांनीही वाजतगाजत अर्ज भरला. भाजपचे आशिष शेलार सोबत होते. ढोल, झेंडे, घोषणा, अंधेरी-कुर्ला रोडवर नेहमीपेक्षा थोडी अधिक कोंडी.

मला विचाराल तर या साऱ्या प्रकरणात निवडणुकीसारखा दिवस हा एकच. दोन उमेदवार, दोन्हींकडे ताकद, निकालाचा अंदाज कोणालाच नाही. लटकेंच्या मागे सहानुभूती होती, पण चिन्ह नवं होतं. पटेलांच्या मागे सत्ता होती आणि २०१९ ची ४५ हजार मतं होती. शिवसेना कोणाची, हा प्रश्न आयोगासमोर आणि सुप्रीम कोर्टात लोंबकळत होता. त्याचं एक उत्तर मरोळच्या मतदाराला देता आलं असतं. ही संधी तीन दिवस टिकली.

रविवार, १६ ऑक्टोबर

मनसेच्या राज ठाकरेंनी भाजपच्या देवेंद्र फडणवीसांना पत्र लिहिलं : रमेश लटके शाखाप्रमुखापासून वर आलेला कार्यकर्ता, त्यांच्या पत्नी आमदार होणं ही त्यांना श्रद्धांजली ठरेल, भाजपने उमेदवार देऊ नये. शरद पवारांनी तसंच आवाहन केलं. शिंदे गटाचे प्रताप सरनाईक यांनीही मुख्यमंत्र्यांना पत्र दिलं. सहकाऱ्यांशी बोलून ठरवू, असं फडणवीसांनी सांगितलं.

महाराष्ट्राची परंपरा, असा शब्द त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी होता. ही परंपरा जरा तपासून पाहू. आर. आर. पाटील गेल्यावर २०१५ ला तासगावमध्ये मोठ्या पक्षांनी सुमन पाटलांसमोर उमेदवार दिला नाही, हे खरं. पण त्याच वेळी वांद्रे पूर्वला बाळा सावंतांच्या पत्नी तृप्ती यांच्यासमोर खुद्द नारायण राणे उभे राहिले आणि पडले. २०२१ ला पंढरपुरात भारत भालकेंच्या मुलासमोर भाजप लढला आणि जिंकला. देगलूरला अंतापूरकरांच्या मुलासमोर लढला आणि हरला. एप्रिल २०२२ मध्ये, म्हणजे अंधेरीच्या सहाच महिने आधी, कोल्हापूर उत्तरमध्ये दिवंगत आमदाराच्या पत्नी जयश्री जाधवांसमोर लढला आणि हरला. पवारांच्या आघाडीनेही पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये कसबा आणि चिंचवड लढवलंच, दोन्ही जागा आमदारांच्या निधनानेच रिकाम्या झाल्या होत्या. परंपरा आहे ती इतकीच : जिंकण्याची खात्री असेल तर लोकशाही आठवते, नसेल तर संस्कृती.

सोमवार, १७ ऑक्टोबर

माघारीची मुदत दुपारी तीन. त्याआधी नागपुरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं की भाजप ही निवडणूक लढवणार नाही. अंधेरीत पटेलांचे कार्यकर्ते भडकले, घोषणा झाल्या. शुक्रवारी ढोल वाजवणाऱ्यांना सोमवारी कळलं की आपला उमेदवार उमेदवार राहिला नाही, आणि तेही टीव्हीवरून. पक्षाचा आदेश म्हणून पटेलांनी अर्ज मागे घेतला.

तीन वाजले. रिंगणात सात जण उरले : एक मशाल आणि सहा अशी नावं, जी मरोळच्या बहुतेक मतदारांनी यंत्रावरच पहिल्यांदा वाचली.

इथे ठाकरे गटाचंही नुकसान झालं, हे त्यांच्या गुलालात कोणी बोललं नाही. ज्या परीक्षेसाठी आठवडाभर कोर्टकचेऱ्या केल्या, ती परीक्षाच रद्द झाली. भाजपने हार टाळली की उदारपणा दाखवला, हा वाद तेव्हा रंगला. माझं मत पहिल्याकडे झुकतं, पण सिद्ध करायला आकडे नाहीत. कारण आकडे येण्याचीच वाट त्या दुपारी बंद झाली.

गुरुवार, ३ नोव्हेंबर, सकाळी सात ते संध्याकाळी सहा

दिवाळी होऊन आठवडा झालेला. सुमारे २ लाख ७१ हजार मतदार, मतदान ३१.७४ टक्के. मधल्या काळात ‘नोटा’ दाबा असा प्रचार सुरू झाला होता, त्यासाठी पैसे वाटले जात असल्याची तक्रार ठाकरे गटाने केली. उमेदवार मागे घेतला तरी त्याचे मतदार मागे घेता येत नाहीत.

रविवार, ६ नोव्हेंबर, सकाळी आठपासून

ऋतुजा लटके ६६,५३० मतं घेऊन जिंकल्या. दुसऱ्या क्रमांकावर कोणताही माणूस नव्हता. १२,८०६ मतं ‘नोटा’ला, जवळपास १५ टक्के, बाकीचे सहाही उमेदवार त्याच्या खाली. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हे बटण आलं, पण विधानसभेत त्याला दात नाहीत : ‘नोटा’ पहिला आला तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो. महापालिकेच्या निवडणुकीत मात्र, राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे, ‘नोटा’ पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची असते. म्हणजे गटारासाठी मतदाराचा नकार मोजला जातो, कायदे करणाऱ्यासाठी नाही.

जी लढत १७ ऑक्टोबरला टळली, ती दोन वर्षांनी झालीच. २०२४ च्या विधानसभेला अंधेरी पूर्वची जागा महायुतीत शिंदेंच्या वाट्याला गेली. भाजपचे मुरजी पटेल अर्ज भरण्याच्या तोंडावर शिवसेनेत आले आणि तेव्हा शिंदेंकडे गेलेल्या धनुष्यबाणावर उभे राहिले, ऋतुजा लटके मशालीवर. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी पटेल २५ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले.