घरात रेंज नाही, पण वाय-फाय आहे? मग साधा फोन कॉलही लागू शकतो

नंदुरबार जिल्ह्यातल्या अनेक गावांत फोनवर बोलायची एक ठरलेली जागा असते. कुणाची ओट्याचा कोपरा, कुणाची गच्ची, तर सातपुड्यातल्या पाड्यांवर थेट टेकडीचा माथा. फोन वाजला की माणूस आधी बाहेर पळतो आणि मग 'हॅलो' म्हणतो. घरात शिरलं की आवाज तुटायला लागतो.

गेल्या काही वर्षांत यात एक गंमत झाली आहे. शहादा, नंदुरबार, नवापूर, तळोदा अशा गावांत घरोघरी फायबरचं इंटरनेट आलं. खोलीत टीव्हीवर सिनेमा न थांबता चालतो, आणि त्याच खोलीत बँकेचा ओटीपी यायला तयार नसतो. यावर उपाय बहुतेकांच्या खिशातच आहे. त्याचं नाव वाय-फाय कॉलिंग. फोनमधलं ते एक बटण अनेकांनी कधी चालूच केलेलं नसतं.

घरात रेंज का मरते?

मोबाइलचा सिग्नल म्हणजे रेडिओ लहरी. त्या हवेतून लांब जातात, पण भिंतीपुढे दमतात. काँक्रीटचा स्लॅब आणि त्यातल्या लोखंडी सळ्या सिग्नलचा बराचसा भाग खाऊन टाकतात. पत्र्याचं छप्पर त्याहून वाईट, कारण धातू लहरींना परतवून लावतो. कुडाच्या भिंतीचं आणि कौलांचं जुनं घर या बाबतीत उजवं ठरतं. घर पक्कं झालं आणि रेंज गेली, ही तक्रार म्हणूनच खरी असते.

लहरींची जातही महत्त्वाची. 700, 850 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या आत येतात. 1800 किंवा 2300 मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त डेटा वाहतात, पण भिंतीपुढे लवकर हार मानतात. त्यामुळे एकाच घरात एका कंपनीचं सिम चालतं आणि दुसरीचं नाही, असं होऊ शकतं.

नंदुरबारमध्ये यावर भूगोलाची भर पडते. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा अर्धा सपाट आणि अर्धा डोंगराळ आहे. अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत गाव म्हणजे एका जागी वसलेली घरं नव्हेत. डोंगरउतारावर लांब लांब पसरलेले पाडे मिळून एक गाव होतं. टॉवर एका धारेवर असेल, तर पलीकडच्या उतारावरचा पाडा त्याच्या सावलीत जातो. नर्मदेच्या काठी, सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या भागात तर काही वस्त्यांना आजही बोटीनेच जावं लागतं.

वाय-फाय कॉलिंग म्हणजे नेमकं काय?

एरवी कॉल लावला की फोन जवळच्या टॉवरशी बोलतो आणि टॉवर कंपनीच्या मुख्य यंत्रणेशी. वाय-फाय कॉलिंगमध्ये मधला टॉवर गळतो. फोन घरच्या राउटरमार्फत, इंटरनेटवरून, थेट कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोचतो. जाताना तो एक कुलूपबंद मार्ग तयार करतो, म्हणजे मधल्या कुणाला संभाषण ऐकता येत नाही. सिम कार्डमधल्या गुप्त किल्लीने ओळख पटते आणि कंपनीच्या लेखी हा ग्राहक नेटवर्कमध्ये 'हजर' होतो. राउटर कोणत्या कंपनीचा आहे याने फरक पडत नाही. एका कंपनीच्या इंटरनेटवर दुसऱ्या कंपनीचं सिम चालतं.

भारतात 2018 मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेटवरून फोन कॉल देण्याचा मार्ग मोकळा केला. एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये दिल्ली परिसरातून सुरुवात केली, जिओने जानेवारी 2020 मध्ये देशभर. व्हीआयने डिसेंबर 2020 मध्ये सेवा आणली आणि पहिल्या काही सर्कलमध्ये महाराष्ट्र-गोवा होतं. बीएसएनएलने 2026 च्या सुरुवातीला ती देशभर खुली केली. यासाठी कंपन्या वेगळे पैसे घेत नाहीत. नेहमीच्या प्लॅनमधल्या मिनिटांतूनच कॉल जातो. मात्र सिमचा रिचार्ज चालू हवा.

मग व्हॉट्सॲप कॉल काय वाईट?

वाईट काहीच नाही, पण त्याची हद्द लवकर संपते. व्हॉट्सॲप कॉलला दोन्ही बाजूंना स्मार्टफोन आणि इंटरनेट लागतं. नंदुरबारमधून दर हंगामात हजारो कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात. गावी राहिलेल्या आजीकडे बटणांचा फोन असतो, आणि फडावर गेलेल्या मुलाचा डेटा कधी असतो, कधी नसतो. अशा वेळी साधा कॉलच उपयोगी पडतो.

शिवाय 108 ची रुग्णवाहिका व्हॉट्सॲपवर बोलावता येत नाही. ओटीपी सिमच्या नंबरवर येतो. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून बँक, रेशन, शिष्यवृत्ती असं सगळंच हळूहळू मोबाइल नंबरला बांधलं गेलं. नंबर लागत नसेल, तर माणूस घरात बसूनही यादीबाहेर जातो.

वाय-फाय कॉलिंगमध्ये नंबर तोच, डायल करायची पद्धत तीच. समोरच्याला काही कळतही नाही. बहुतेक फोनवर एसएमएसही याच वाटेने येतात, पण सगळ्यांवर येतीलच असं नाही. म्हणून बँकेच्या कामाआधी दुसऱ्या फोनवरून एक एसएमएस पाठवून बघावा.

चालू कसं करायचं?

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत 'वाय-फाय कॉलिंग' शोधणं सर्वांत सोपं, कारण हा पर्याय प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये वेगळ्या जागी लपलेला असतो. साधारणपणे तो सिम कार्ड किंवा मोबाइल नेटवर्कच्या पानावर सापडतो. आयफोनमध्ये तो मोबाइल सेवेच्या सेटिंग्जमध्ये असतो. दोन सिम असतील, तर प्रत्येकासाठी तो वेगळा चालू करावा लागतो. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्होएलटीई बंद असेल तर तेही चालू करावं. पर्याय दिसतच नसेल, तर फोन जुना आहे किंवा त्याचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं राहिलं आहे.

चालू केल्यावरही कॉल तुटत असतील, तर त्याचं एक नेहमीचं कारण असतं. घरात रेंजची एक मरतुकडी कांडी असते आणि फोन हट्टाने तिलाच चिकटून बसतो. काही फोनमध्ये 'वाय-फायला प्राधान्य' असा पर्याय असतो, तो निवडावा. नसेल, तर विमान मोड लावून मग फक्त वाय-फाय चालू करावं. टॉवरशी नातं तुटतं आणि फोनपुढे वाय-फायशिवाय वाट उरत नाही. यात बॅटरीही वाचते, कारण कमकुवत सिग्नल शोधत राहण्यात फोन बरीच शक्ती घालवतो. फक्त घराबाहेर पडताना विमान मोड काढायची आठवण ठेवावी लागते.

बोलता बोलता घराबाहेर पडलं आणि बाहेर 4जी असेल, तर कॉल न तुटता टॉवरवर जातो. बाहेर फक्त 2जी असेल, तर तो बहुधा तुटतो.

इंटरनेट किती आणि कसलं हवं?

वेग फार लागत नाही. एका कॉलला सेकंदाला साधारण 100 किलोबिट पुरतात, म्हणजे मिनिटाला एक-दीड एमबी. महत्त्वाचं आहे ते इंटरनेटचं सातत्य. घरात कुणी मोठा व्हिडिओ चढवत असेल, तर वेग भरपूर असूनही आवाज रोबोसारखा येऊ शकतो.

राउटरची जागाही पाहावी. तो लोखंडी कपाटामागे किंवा धान्याच्या कोठीआड ठेवला, तर रेंजची तक्रार टॉवरकडून राउटरकडे सरकते, एवढंच. उंचावर, घराच्या मध्याच्या जवळ ठेवलेला बरा. राउटर दोन प्रकारचं वाय-फाय देत असेल, तर लांबच्या खोलीसाठी 2.4 गिगाहर्ट्झचं निवडावं. त्याचा वेग कमी, पण ते भिंतीतून जास्त जातं.

फायबर नसेल तर? 2023 पासून जिओ आणि एअरटेल 'एअरफायबर' देतात. यात छतावर एक अँटेना बसते, ती टॉवरचा सिग्नल पकडते आणि घरात वायरने आणून वाय-फाय करते. जी रेंज गच्चीवर येते पण खोलीत येत नाही, तिच्यासाठी ही सोय नेमकी आहे. बाहेर अँटेना लावता येणारा 4जी राउटरही तेच काम करतो.

सर्वांत स्वस्त युक्ती मात्र हॉटस्पॉटची. गावात एकाच कंपनीची रेंज असेल, तर त्या कंपनीचा फोन खिडकीत किंवा ओट्यावर ठेवून हॉटस्पॉट चालू करावा. घरातले इतर कंपन्यांचे फोन त्याच्या वाय-फायवर जोडून वाय-फाय कॉलिंग करू शकतात. डेटा फारसा जात नाही. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनची बॅटरी मात्र झपाट्याने उतरते.

लाइट गेली की?

इथे ही सगळी व्यवस्था उघडी पडते. टॉवरला बॅटरी असते, काहींना जनरेटरही. घरच्या राउटरला काहीच नसतं. पावसाळ्यात वादळात तार तुटली, की लाइट, वाय-फाय आणि फोन एकदमच जातात. रुग्णवाहिकेची गरज लागण्याची शक्यता नेमकी तेव्हाच जास्त असते. राउटरसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तो राउटर काही तास चालवू शकतो. फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल, तर त्यालाही जोड द्यावी लागते, नाहीतर राउटर जिवंत आणि इंटरनेट मेलेलं अशी अवस्था होते.

तातडीच्या कॉलबाबत आणखी एक गोष्ट. वाय-फायवरून केलेल्या कॉलमध्ये फोन करणारा नेमका कुठे आहे हे पलीकडे कळेलच याची खात्री नसते. म्हणून 112 किंवा 108 ला फोन केल्यावर पहिल्याच वाक्यात गाव, पाडा आणि तालुका सांगावा. आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी 112 चा कॉल तिथे उपलब्ध असलेल्या कोणत्याही कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. त्यासाठी फोन विमान मोडमधून बाहेर काढावा.

सिग्नल बूस्टर का घेऊ नये?

ऑनलाइन शोध घेतला की 'बूस्टर' हमखास पुढे येतो. छतावर अँटेना, घरात दुसरी अँटेना आणि मधे सिग्नल वाढवणारी पेटी. भारतात परवानाधारक दूरसंचार कंपन्यांशिवाय कुणीही असा बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने जुलै 2022 मध्ये याबद्दल सर्वसामान्यांसाठी सूचनाही काढली होती. कारण साधं आहे. स्वस्तातली पेटी सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवते आणि टॉवरच्या कानात तो गोंगाट शिरला, की आसपासच्या सगळ्यांचे कॉल बिघडतात. एका घराची सोय आळीला महागात पडते. एअरफायबर किंवा 4जी राउटर यात मोडत नाहीत, कारण ते सिग्नल पुन्हा फेकत नाहीत. टॉवरच्या दृष्टीने तेही एक प्रकारचे फोनच असतात.

सीमेवरच्या गावांसाठी

नवापूरचं रेल्वे स्टेशन महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत विभागलेलं आहे, हे अनेकांना माहीत असतं. फोनला मात्र राज्याची सीमा कळत नाही. या पट्ट्यातले फोन कधी गुजरातच्या, तर नर्मदेकाठी कधी मध्य प्रदेशच्या टॉवरला लागतात आणि दोन टॉवरमध्ये हेलकावे खात राहतात. वाय-फाय कॉलिंग चालू असेल, तर घरात असेपर्यंत तरी हा खेळ थांबतो.

आणि जिथे इंटरनेटच नाही?

तिथे हे बटण निरुपयोगी आहे, हे स्पष्टच सांगायला हवं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली आणि पुढे तिचं नाव 'भारतनेट' झालं. पण ग्रामपंचायतीपर्यंत तार आली, म्हणजे चार डोंगर पलीकडच्या पाड्यावर ती आली असं होत नाही. नंदुरबार हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने पाच राज्यांतल्या अशा जिल्ह्यांमधल्या 7,287 गावांत 4जी नेण्याची योजना मंजूर केली आणि त्या पाचांत महाराष्ट्र होता. जुलै 2022 मध्ये देशातल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी रुपयांची आणखी एक योजना आली.

आपल्या गावात नवा टॉवर उभा राहिला असेल आणि तरी घरात रेंज नसेल, तर आधी तो कोणत्या कंपनीचा आहे ते विचारावं. सरकारी योजनांतले अनेक टॉवर एकाच कंपनीचे असतात. त्या कंपनीचं एक सिम घेऊन ओट्यावर हॉटस्पॉट लावला, तर घरातल्या बाकीच्या नंबरांवरही फोन यायला लागतात.