कार्ल्याच्या दारावरची नावं

आता कार्ल्याकडे वळू या. १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. गेल्या काही वर्षांत या दिवशी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांना तिकीट नसतं. पण फुकट आत जाऊन आपण बघतो काय? कमान, हत्ती, खांब. भिंतीवरची नावं वाचायची राहून जातात, कारण ती ब्राह्मी लिपीत आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं हे चैत्यगृह काही एकट्या राजाचं दान नव्हे. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने ते पूर्ण केल्याचा लेख आहे. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दार दिलं. तिथल्याच सामि नावाच्या सुतारानेही दाराच्या कामावर आपलं नाव कोरून ठेवलं. खांब देणाऱ्यांत तर यवनही आहेत!

म्हणजे ही वास्तू वर्गणीतून उभी राहिली. मग नुसतं तिकीट माफ करून ती लोकांची कशी होणार? त्या दिवशी अर्ध्या तासाचं मोफत लेखवाचन ठेवावं, असं आम्हांला वाटतं. चैत्यगृहासमोरच एकवीरेचं देऊळ आहे. दर्शनाला आलेला एखादा सुतार मग सामिलाही भेटून जाईल.