एक्सलचा बूट आणि वाहन तपासणीचा इतिहास

माझी २००५ सालची मारुती ८०० पंधरा वर्षांची झाली, तेव्हा मी उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणुकीवर होतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरतीच वैध असते. पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते व त्यासाठी गाडी तपासणीस न्यावी लागते. गाडी धुऊन, दिवे, हॉर्न, वायपर पाहून आणि विम्याचे कागद बरोबर घेऊन मी गेलो. निवृत्तीस आलेल्या निरीक्षकांनी कागद चाळले, स्टिअरिंग एका बाजूस पूर्ण वळवावयास सांगितले आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर गुडघा टेकला. बॅटरीच्या उजेडात पुढच्या चाकाची आतली बाजू पाहून ते म्हणाले, "एक्सल का बूट फटा है, साहब। बदलवाकर लाइए।" मी नकळत स्वतःच्या पायांकडे पाहिले, हे कबूल करावयास हरकत नाही.

गाडी नापास झाली. रागही आला, कारण ती उत्तम चालत होती. पण नंतर गॅरेजमध्ये उभे राहून मी जे पाहिले, त्यावरून आपल्याकडील वाहन तपासणीच्या इतिहासाकडे नव्याने पाहावेसे वाटले.

बूट म्हणजे लोहाराच्या भात्यासारख्या चुण्या असलेले रबरी आवरण. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या प्रत्येक एक्सलच्या दोन्ही टोकांशी एकेक सांधा असतो. त्या सांध्यात ग्रीस भरलेले असते व ते आत राहावे, धूळ-पाणी बाहेर राहावे, एवढेच या आवरणाचे काम. असे चार बूट एका गाडीत असतात. चाकाकडचे दोन आधी फाटतात, कारण प्रत्येक वळणावर तेच अधिक वाकतात. बूट फाटला की ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूवर उडते, त्या जागी वाळू शिरते आणि काही महिन्यांनी वळणावर कट-कट असा आवाज येऊ लागतो. मग बूट बदलून भागत नाही, सांधाच बदलावा लागतो. तरीही दुर्लक्ष केले तर एखाद्या दिवशी सांधा तुटून गाडी रस्त्यातच उभी राहते.

या सांध्याची वंशावळ जुनी आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याच्या नावाने ओळखला जाणारा सांधा तिरप्या दांड्यांतून गती पोहोचवतो, पण ती एकसारखी नसते. कोन वाढला की प्रत्येक फेऱ्यात गती दोनदा वाढते व दोनदा घटते. मागच्या चाकांच्या गाडीत हे सांभाळून घेता येते. पण जे चाक ओढतेही आणि वळतेही, तेथे हे हिसके चालत नाहीत. १९२० च्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने खाचांत बसवलेल्या पोलादी गोळ्यांचा समगती सांधा शोधला आणि १९५९ साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिनी गाडीने तो सामान्य माणसाच्या गाडीत आणला.

भारतात तो सामान्यांच्या गाडीत यावयास आणखी चोवीस वर्षे लागली. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांच्या लांब प्रोपेलर शाफ्टवर हूकच्याच जातीचा सांधा असे. गॅरेजच्या भाषेत त्याला 'क्रॉस' म्हणत. या गाड्यांना ठरावीक अंतराने ग्रीसिंग करावे लागे आणि त्या निमित्ताने कोणीतरी खड्ड्यात उतरून गाडीचे पोट पाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली. सुझुकीशी करार करून सरकारी कंपनीने काढलेली ही गाडी पुढच्या चाकांवर चालत होती. (ज्या रवींद्र चंद्र भार्गव यांचे नाव या कंपनीशी कायमचे जोडले गेले, ते मूळचे भारतीय प्रशासन सेवेतले, ही गोष्ट आम्हा प्रशासकांना अजूनही सुखावते.) नव्या गाडीचे एक आकर्षण असे की कटकट कमी. एक्सलचे सांधे कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले, त्यांना पुन्हा ग्रीस देण्याचे काम नाही. पण त्यामुळे गाडीखाली जाण्याचे नित्याचे निमित्तही संपले. सगळी भिस्त त्या रबरी आवरणावर आली आणि त्याच्याकडे पाहणारा माणूस नाहीसा झाला.

कायद्याने ही उणीव भरून काढावयास हवी होती. पण आपला कायदा वेगळ्याच चिंतेतून जन्मला होता. १९१४ च्या पहिल्या अखिल भारतीय कायद्यानंतर १९३९ चा कायदा आला, त्यामागे मोटारीने रेल्वेचे उत्पन्न खाऊ नये ही काळजी मोठी होती. १९३२ साली नेमलेल्या मिचेल-किर्कनेस चौकशीपासून ती कागदोपत्री दिसते. बस आणि ट्रक यांना परवान्यांच्या चौकटीत बसवणे हा त्या कायद्याचा गाभा. त्यामुळे योग्यता प्रमाणपत्राचे कलम ३८ लिहिले गेले तेही फक्त परिवहन वाहनांसाठी. खासगी मोटार तेव्हा मूठभरांकडे होती व ती पगारी ड्रायव्हरच्या देखरेखीखाली असे. तिची चिंता सरकारने का करावी? १९८८ च्या कायद्यात कलम ३८ चे कलम ५६ झाले, विभागणी तीच राहिली. तोवर मारुती रस्त्यावर येऊन पाच वर्षे झाली होती.

१९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम ६२ ची मूळ यादी पाहावी. दिवे, परावर्तक, आरसा, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग. यांतील बहुतेक गोष्टी उभ्याने किंवा चालकाच्या आसनावर बसून तपासता येतात. एक्सलचा सांधा आणि त्याचे आवरण त्या यादीत नव्हते. खासगी गाडीला तर नोंदणीनंतर पंधरा वर्षे धुराच्या चाचणीखेरीज नियमित तपासणीच नाही. रबराला एवढे आयुष्य नसते.

ब्रिटनने हाच प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. तेथे १९६० साली अर्नेस्ट मार्पल्स परिवहन मंत्री असताना दहा वर्षांवरील गाड्यांची तपासणी सुरू झाली आणि तीही ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढ्यापुरतीच. नापास होणाऱ्या गाड्या इतक्या निघाल्या की वयाची अट लवकरच सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. यादीही वाढत गेली. २०१८ पासूनच्या त्यांच्या नियमपुस्तिकेत या बुटाची स्वतंत्र नोंद आहे. आवरण फार जीर्ण झाले असेल तर किरकोळ दोष, गाडी पास. नाहीसे झाले असेल किंवा घाण आत जाण्यापासून रोखत नसेल, तर मोठा दोष, गाडी नापास. निरीक्षकाने कोठे थांबावे हे नियमानेच सांगितले आहे.

आपल्याकडे ते निरीक्षकाच्या विवेकावर होते. माझ्या निरीक्षकांनी गुडघा टेकला, दुसऱ्याने टेकला नसता, आणि दोघेही नियमात बसले असते. याच मोकळ्या जागेत कर्तव्यदक्षता वाढते आणि याच जागेत दलालही वाढतो. मुंबई उच्च न्यायालयात गाड्या न तपासताच प्रमाणपत्रे दिली जातात अशी तक्रार गेली, तेव्हा २०१६ मध्ये न्यायालयाला ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरच्या मार्गांचा आग्रह धरावा लागला. २०२१ मध्ये केंद्राने स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम काढले. रोलरवर ब्रेक मोजणे, सांध्यांची ढिलाई यंत्राने पाहणे, निकाल संगणकाने देणे ही त्यांची दिशा. सक्तीची तारीख मात्र एकदाहून अधिक वेळा पुढे गेली.

गॅरेजमध्ये चाक काढले, हबचे नट सोडवले, खालचा बॉल जॉइंट वेगळा केला आणि एक्सल बाहेर आला. फाटलेल्या बुटातले ग्रीस दोन बोटांत चोळून मिस्त्रीने मला दाखवले. ते कचकचत होते. सांधा रॉकेलने धुतला, गोळ्या व खाचा पाहिल्या, अजून चरे पडले नव्हते. नवे काळे ग्रीस, नवा बूट, दोन क्लिपा. दुसऱ्या बाजूचा बूटही तडकला होता, तोही बदलला.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. तेच वर्तमानपत्र, तीच बॅटरी. निरीक्षकांनी बुटाच्या चुण्यांवरून बोट फिरवले, ते कोरडे असल्याचे पाहिले आणि सही केली. पुढच्या महिन्यात ते निवृत्त झाले.