रात्र कोणाच्या मालकीची?

लोणावळा-खंडाळ्याची रात्र ही बंगल्यांची रात्र आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि मुंबईच्या धनिकांना मावळची हवा हाताशी आली. आज बंगला भाड्याने घेण्याची ऐपत असलेल्या समलिंगी माणसाला कुंपणाआड मनासारखी रात्र मिळू शकते. ऐपत नसलेल्या तृतीयपंथीयाच्या वाट्याला रस्ता आणि फलाटच येतो. म्हणून अशा माणसांच्या रात्रीच्या जागा पुन्हा उभ्या करण्याची भाषा होते, तेव्हा मालकीचा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

महाराष्ट्राला अशी जागा अगदीच अपरिचित नाही. गावोगावच्या जत्रांत रात्र जागवणारे तमाशाचे फड महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी जगवले. हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली, त्याआधी बोर्डावर बायकी नाच करीत असे तो नाच्या पोऱ्या. प्रत्येक नाच्या समलिंगी होता असे मुळीच नाही. पण पुरुषदेहाला बायकी हावभावाची मुभा देणारी ती उघडी जागा होती. ही मुभा रात्रीपुरतीच. उजाडले की हेटाळणी सुरू. पडद्यावर नाच्या अजरामर करणाऱ्या गणपत पाटलांनाही ती चुकली नाही.

सत्तेने या देहांकडे कसे पाहिले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा एक भाग भटक्या जमातींवर होता, दुसरा हिजड्यांवर. नोंद झालेल्या हिजड्याने बायकी वेशात रस्त्यावर दिसणे वा नाचणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. जन्माने गुन्हेगार आणि वेशाने गुन्हेगार, दोघांची नोंद एकाच कायद्यात झाली!

स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी पुरती गेली नाही. २००५ साली महाराष्ट्र शासनाने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बार बंद केले. त्यांत पिढीजात नाचणाऱ्या जातींतल्या अनेक मुली पोट भरत होत्या. त्याच दुरुस्तीने तीन तारांकित व त्यावरील हॉटेलांना आणि सभासदांच्या जिमखान्यांना मात्र सूट दिली. म्हणजे अनैतिक ठरला तो गरिबाच्या पोटाचा नाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हा भेद घटनाबाह्य ठरवला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंधही गुन्ह्यातून मुक्त झाले. पण ज्याला दार लावायला खोलीच नाही, त्याच्यापर्यंत हे स्वातंत्र्य कसे पोचणार?

इथे बाबासाहेबांच्या दोन कृती ध्यानात घ्याव्यात. १९३४ साली र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन व समलिंगी संबंधांवरील वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे त्याच्या मुळाशी होती. बाबासाहेबांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले, खटला हरला. याच बाबासाहेबांनी महाडच्या लढ्यासाठी पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेला तमाशाचा पैसा नाकारल्याचेही सांगतात. यात विसंगती नाही. लैंगिकतेवर मोकळेपणी बोलता आले पाहिजे, आणि दलित स्त्रीच्या देहावर कोणाची तुंबडी भरता कामा नये, या दोन्ही मागण्या माणूसपणाच्याच आहेत.

तेव्हा नव्या जागांचे मोल रोषणाईवरून ठरवू नये. नाचणाऱ्याला मजुरी आणि मालकीत वाटा मिळतो काय? तिथे पोलिसाचा हप्ता चालतो काय? पहाटे परतणाऱ्या तृतीयपंथीयाला जात न विचारता भाड्याची खोली मिळते काय? कार्यकर्त्यांनी हे प्रश्न घेऊनच तिथे जावे.